बर्म्युडाचे अहवाल वाचायला हवेत

५ डिसेंबर १९४५. दुपारचे २ वाजून १० मिनिटे. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल नौदल तळावरून पाच अ‍ॅव्हेंजर विमाने सरावासाठी उडाली. त्यांत चौदा माणसे होती, आणि त्यांतला एकही परतला नाही. त्यांना शोधायला निघालेले तेरा जणांचे मरिनर विमानही परतले नाही. ‘फ्लाइट १९’ या नावाने ओळखली जाणारी ही घटना जहाजे-विमाने गडप करतो म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अटलांटिकमधल्या बर्म्युडा ट्रँगलच्या प्रत्येक लेखात, प्रत्येक व्हिडिओत पहिल्या क्रमांकावर असते. सोबत एक वाक्य हमखास येते: खुद्द अमेरिकी नौदलाने कारण ‘अज्ञात’ असल्याची नोंद केली आहे.

नोंद खरी आहे. पण ती तशी का झाली, हे त्या लेखांत नसते. नौदलाच्या चौकशीचा अहवाल सुमारे पाचशे पानांचा आहे. त्याचा पहिला निष्कर्ष असा होता की तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट चार्ल्स टेलर यांचा दिशेचा अंदाज चुकला आणि तुकडी समुद्रावर भरकटली. टेलर यांच्या आईला हा ठपका मान्य नव्हता. विमानेच सापडलेली नसताना माझ्या मुलाला दोषी कसे ठरवता, असा तिचा प्रश्न होता. तिने दाद मागितली आणि १९४७मध्ये नौदलाने निष्कर्ष बदलून ‘कारण अज्ञात’ असे लिहिले. मुलावरचा कलंक पुसण्यासाठी एका आईने मिळवलेला हा शब्द आहे. अहवालातली बाकीची पाने तशीच राहिली, आणि त्या पानांत जवळजवळ सगळे काही आहे.

त्या दिवशीचा नेमून दिलेला मार्ग असा होता: तळावरून ९१ अंशांवर, म्हणजे जवळजवळ थेट पूर्वेला, ५६ मैल जाऊन एका उथळ भागावर बॉम्बफेकीचा सराव, त्याच दिशेने आणखी ६७ मैल, मग ३४६ अंशांवर वळून ग्रँड बहामा बेटावरून ७३ मैल, शेवटी २४१ अंशांवर १२० मैल, की घर. बॉम्बफेक ठरल्याप्रमाणे झाली. त्यानंतर टेलर यांचे रेडिओवरचे बोलणे दुसऱ्या एका प्रशिक्षकाने ऐकले: दोन्ही होकायंत्रे बंद आहेत, खाली तुटक तुटक जमीन दिसते, आपण फ्लोरिडा कीजवर आहोत.

इथेच सगळा घात आहे. कीज ही फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडून नैऋत्येला गेलेली छोट्या बेटांची माळ. टेलर आधी मायामीच्या तळावर होते, त्यांना ती बेटे पाठ होती. पण विमाने बहुधा त्या वेळी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, बहामांमधल्या अ‍ॅबॅको बेटांजवळ होती. तिथेही अशीच छोट्या बेटांची माळ आहे आणि वरून ती तशीच दिसते. कीजवर असलेल्या वैमानिकाने उत्तरेला जावे, त्याला फ्लोरिडाचा किनारा लागतो. अ‍ॅबॅकोवर असलेल्याने उत्तरेला जावे, तर पुढे मोकळा अटलांटिक. किनाऱ्यावरून त्यांना दिलेला सल्ला त्यांनीच सांगितलेल्या जागेवर बेतलेला होता, त्यामुळे सल्ला बरोबर असूनही परिणाम उलटा झाला. तुकडीतल्या एका शिकाऊ वैमानिकाला शंका आली होती. पश्चिमेला गेलो तर घरी पोचू, असे तो वैतागून म्हणाल्याचे रेडिओवर ऐकू आले. पण तुकडी प्रमुखामागे राहिली. काही वेळ पूर्वेला, काही वेळ पश्चिमेला, अशा फेऱ्यांत इंधन गेले.

रेडिओचीही एक गोष्ट आहे. सरावाच्या फ्रिक्वेन्सीवर क्युबातल्या केंद्रांचा गोंगाट येत होता. किनाऱ्याने टेलर यांना आणीबाणीच्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर यायला सांगितले. ते आले नाहीत, कारण बदल करताना एखादे विमान मागे राहिले तर ते कायमचे तुटेल ही त्यांना भीती होती. भीती चुकीची नव्हती. पण त्यामुळे संध्याकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावरच्या केंद्रांनी दिशा जुळवून तुकडीची जी अंदाजे जागा काढली, फ्लोरिडाच्या पूर्वेला, कीजपासून पार उत्तरेकडे, ती टेलर यांच्यापर्यंत पोचलीच नाही. तोवर अंधार झाला होता, हवा बिघडली होती. पहिल्या विमानाचे इंधन दहा गॅलनच्या खाली आले की सगळे एकत्र पाण्यावर उतरू, हा त्यांचा शेवटचा ऐकू आलेला बेत. रिकामे अ‍ॅव्हेंजर साडेचार टनांहून जड असते. खवळलेल्या समुद्रावर रात्री उतरवलेले असे विमान फार वेळ तरंगत नाही.

आणि मरिनर? ते ७ वाजून २७ मिनिटांनी उडाले. ७:५०ला एका तेलवाहू जहाजाने ज्वाळांचा भडका आणि नंतर पाण्यावर तेलाचा तवंग पाहिला. त्याच वेळी रडारवरचा ठिपका नाहीसा झाला. मरिनरमध्ये पेट्रोलची वाफ साचण्याचा धोका वैमानिकांमध्ये इतका माहीत होता की त्याला ‘उडती पेट्रोलची टाकी’ म्हणत. जळताना पाहिलेल्या विमानाला ‘हवेत विरले’ म्हणण्यासाठी त्या तेलवाहू जहाजाची साक्ष वगळावी लागते, आणि ती वगळली जाते.

माझा आक्षेप या वगळण्यावर आहे. बर्म्युडाच्या गोष्टीकडे निरुपद्रवी करमणूक म्हणून पाहिले जाते. पण ज्या तपशिलांतून पुढच्या खलाशाचा, पुढच्या वैमानिकाचा जीव वाचू शकतो, नेमके तेच तपशील काढून टाकल्याशिवाय ही गोष्ट उभीच राहत नाही.

‘बर्म्युडा ट्रँगल’ हे नाव १९६४ साली एका अमेरिकी मासिकातल्या लेखातून आले. त्याआधी १९५०पासून अशा घटनांची यादी छापली जात होती, आणि १९७०च्या दशकात लाखांनी खपलेल्या पुस्तकांनी ती जगभर नेली. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतले ग्रंथपाल लॅरी कुश यांनी मग एक साधे काम केले. यादीतल्या प्रत्येक घटनेच्या तारखेचे स्थानिक वर्तमानपत्र, हवामानाची नोंद आणि चौकशीचे कागद मागवले. ‘शांत समुद्रात’ गडप झालेली जहाजे कित्येकदा वादळात सापडलेली निघाली. अटलांटिकमधल्या बंदरातून निघून बेपत्ता झालेले म्हणून सांगितलेले एक जहाज प्रत्यक्षात पॅसिफिकवरच्या त्याच नावाच्या बंदरातून निघाले होते. नकाशावरचा अख्खा खंड ओलांडून ते या यादीत आले. १९३७ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर शेकडो लोकांदेखत कोसळल्याचे सांगितल्या जाणाऱ्या एका विमानाची तिथल्या वर्तमानपत्रांत ओळसुद्धा नव्हती. १८७२ साली निर्मनुष्य सापडलेले ‘मेरी सेलेस्ट’ तर अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान सापडले होते, त्रिकोणापासून हजारो किलोमीटर दूर. कुश यांचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षे झाली. आपल्याकडे मात्र दर दोन-चार वर्षांनी ‘बर्म्युडा ट्रँगलचे रहस्य अखेर उलगडले’ ही बातमी नव्याने येते. मिथेन वायू, षटकोनी ढग, राक्षसी लाटा, आणि पुन्हा मिथेन.

या सिद्धान्तांवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. षटकोनी आकाराचे ढगांचे जाळे थंड हवा उबदार समुद्रावरून वाहते तिथे जगभर दिसते. मिथेनबद्दल अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अभ्यासकांनी सांगितले आहे की त्या भागात गेल्या पंधरा हजार वर्षांत समुद्रतळातून वायूचे मोठे उत्सर्जन झाल्याचा पुरावा नाही. होकायंत्राचा मुद्दा मात्र मराठी वाचकाने नीट समजून घ्यावा, कारण तो आपल्या दाराशी तपासता येतो. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेऐवजी चुंबकीय उत्तर दाखवते. दोहोंमधला कोन म्हणजे दिक्पात. जिथे तो शून्य असतो ती रेषा एके काळी त्रिकोणाच्या भागातून जात होती, आणि ‘तिथे सुई वेडी होते’ या समजाचे मूळ तेच. प्रत्यक्षात शून्य दिक्पात म्हणजे नावाड्याचे काम सोपे, दुरुस्तीच करावी लागत नाही. मुंबईचा दिक्पात शाळेच्या पुस्तकातही एका अंशाहून कमी दिलेला आहे. कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून आणि ट्राम विजेवर धावू लागणार म्हटल्यावर १९०४पासून अलिबागला चुंबकीय वेधशाळेत या सुईच्या हालचाली मोजल्या जात आहेत. शून्याजवळच्या दिक्पाताने जहाजे गडप झाली असती, तर मुंबई बंदर कधीच ओस पडले असते.

तिथल्या समुद्रात विशेष काहीच नाही असे मात्र नाही. मायामी, बर्म्युडा आणि प्वेर्तो रिकोमधले सान हुआन या तीन टोकांमधले क्षेत्र सुमारे साडेअकरा लाख चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या साडेतीन पटीहून अधिक. त्याच्या पश्चिम कडेने गल्फ स्ट्रीम वाहतो. हा सागरी प्रवाह गाभ्यात ताशी सहा-सात किलोमीटर वेगाने उत्तरेला जातो. या वेगाने मुंबईच्या बाऱ्यात पाण्यात पडलेली लाईफबोट चोवीस तासांत गुहागरच्या समोर असेल. रात्री झालेल्या अपघाताचा शोध सकाळी सुरू झाला तर अवशेष ७०-८० किलोमीटर पुढे गेलेले असतात, आणि शोध अपघाताच्या जागी सुरू होतो. उत्तरेचा वारा सुटला की तो या प्रवाहाच्या तोंडावर येतो. लाटा आखूड होतात, उभ्या होतात आणि मोडतात. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली की काय होते, हे कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला ठाऊक आहे. तेच, शेकडो किलोमीटर लांबीवर. यात जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम मिळवा. जगातल्या गजबजलेल्या जलमार्गांपैकी हा एक, शिवाय फ्लोरिडातल्या हजारो हौशी बोटींची त्यात भर. इतकी वाहतूक आणि असे हवापाणी असूनही जहाजांचा विमा उतरवणाऱ्या लंडनच्या लॉइड्सला इथे प्रमाणाबाहेर जहाजे बुडतात असे आढळले नाही. अमेरिकी तटरक्षक दल हा त्रिकोण मुळात मानत नाही, आणि अमेरिकेचे स्थलनाम मंडळ हे नाव नकाशावर घेत नाही.

मोठी जहाजे मात्र बुडाली, आणि त्यांच्या पोटात काय भरले होते हे पाहिले की चित्र बदलते. मार्च १९१८मध्ये ‘सायक्लॉप्स’ हे अमेरिकी नौदलाचे जहाज ३०६ माणसांसह बेपत्ता झाले. ते कोळसा वाहण्यासाठी बांधलेले होते. त्या फेरीत त्यात १० हजार टनांहून अधिक मँगनीजचे खनिज होते. कोळसा हलका, तो कोठार भरून उरतो. मँगनीज जड, तितक्याच वजनाचा ढीग कोठाराच्या तळाशी थोडीच जागा व्यापतो. मग वजन बैठे होते, जहाज हेलकाव्यातून झटक्याने उलट फिरते आणि त्या झटक्यांचा ताण सांगाड्यावर येतो. त्यातच उजव्या इंजिनाचा सिलिंडर तडकलेला होता, जहाज एकाच इंजिनावर चालले होते. त्याची दोन सहोदर जहाजे, ‘प्रोटियस’ आणि ‘नेरियस’, १९४१च्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतराने अशाच जड खनिजासह उत्तर अटलांटिकमध्ये बुडाली. एकाच घडणीची तीन जहाजे एकाच प्रकारच्या मालाने जात असतील, तर चौकशी घडणीची आणि भरणीची करायची असते.

१९६३मध्ये ३९ जणांसह गेलेल्या ‘मरीन सल्फर क्वीन’चेही तसेच. दुसऱ्या महायुद्धातल्या टी-२ प्रकारच्या तेलवाहू जहाजाचे आतले आडवे कप्पे काढून त्यात वितळलेल्या गंधकाची प्रचंड टाकी बसवलेली. टी-२ जहाजे मधोमध तुटल्याची उदाहरणे आधीच होती. चौकशीत टाकीच्या भागातला स्फोट, सांगाडा तुटणे, कलंडणे आणि गरम गंधकावर पाणी पडून होणारा वाफेचा स्फोट, अशा शक्यता लिहिल्या गेल्या. लाइफ जॅकेट्स आणि इतर अवशेष सापडले होते. तरी यादीत ते ‘मागमूस न ठेवता’ गेलेले जहाज आहे.

आता त्याच त्रिकोणातली अलीकडची बुडी पाहा. १ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज बहामांमधल्या क्रूकेड बेटाजवळ होआकिन चक्रीवादळात बुडाले. ३३ माणसे गेली, एकही वाचला नाही. मोठे जहाज, अनुभवी कप्तान, जॅक्सनव्हिल ते सान हुआन हा रोजचा मार्ग. १९५०मध्ये हे घडले असते तर यादीत पहिले नाव याचे असते. पण साडेचार किलोमीटरहून खोल तळावरून ऑगस्ट २०१६मध्ये जहाजाचा व्हॉयेज डेटा रेकॉर्डर (विमानाच्या ब्लॅक बॉक्ससारखे यंत्र) वर काढण्यात आला, आणि जहाजाच्या ब्रिजवरचे, म्हणजे ते चालवण्याच्या जागेवरचे, २६ तासांचे बोलणे तपासकर्त्यांना ऐकता आले.

त्यातून जे कळले ते असे. कप्तान हवामानासाठी ईमेलने येणाऱ्या एका व्यावसायिक सेवेच्या नकाशांवर विसंबत होते. ते हाती येईपर्यंत त्यातली माहिती काही तास शिळी झालेली असायची, आणि एकदा तर आधीचाच नकाशा पुन्हा आल्याने ती २१ तास जुनी होती. उपग्रहावरून येणारे ताजे इशारे ब्रिजवरच छापून येत होते. वादळ अंदाजापेक्षा दक्षिणेला सरकते आहे हे त्यांत होते. वादळाचा अंदाज मुळातही कठीण गेला होता, हेही खरे. रात्री दोन वेळा पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी कप्तानांना फोन करून मार्ग बदलण्याबद्दल सुचवले. मार्ग बदलला गेला नाही. पहाटे कळले की डेकवरचे एक छोटे झाकण उघडे राहिले आहे आणि त्यातून तिसऱ्या कोठारात पाणी येते आहे. कोठारातल्या गाड्या बांधण्यातून सुटून पाण्यात आदळू लागल्या. त्यांतल्या एखादीने आग विझवण्याच्या पंपाचा समुद्राच्या पाण्याचा पाइप फोडला असावा, असे तपासकर्त्यांचे मत आहे. झाकण बंद करता यावे म्हणून जहाज वळवून वारा दुसऱ्या बाजूने घेतला. त्यामुळे जहाज डावीकडे कलले. इंजिनाच्या वंगण तेलाची पातळी आधीच कमी होती, आणि टाकीतून तेल ओढणारे नळीचे तोंड मध्यापासून उजवीकडे होते. तेल डावीकडे सरले, नळी उघडी पडली, दाब गेला आणि इंजिन थांबले. इंजिन नसलेले जहाज लाटांना आडवे होते. पुढे हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या मार्गांतून पाणी आत गेले. लाईफबोटी जुन्या पद्धतीच्या, उघड्या होत्या. चक्रीवादळात त्यांचा काय उपयोग!

शिळा नकाशा, न ऐकलेला फोन, उघडे झाकण, तेलाची पातळी, नळीच्या तोंडाची जागा. यांतला प्रत्येक दुवा तोडता आला असता. त्या अहवालातून पन्नासहून अधिक शिफारशी निघाल्या: बंदिस्त लाईफबोटी, प्रत्येक खलाशाला स्वतःचे ठावठिकाणा सांगणारे उपकरण, झाकण उघडे की बंद हे ब्रिजवर दाखवणारी सोय. ‘गूढ’ म्हणून सोडून दिलेल्या बुडीतून अशी एकही शिफारस निघत नाही. एल फारो आज बर्म्युडाच्या व्हिडिओंत फारसे का दिसत नाही, याचे उत्तर उघड आहे. त्याचे उत्तर सापडलेले आहे.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळा, खवळलेला समुद्र, गच्च भरलेली बोट, एका बाजूला धावलेले प्रवासी. मराठी माणसाने त्या जागेला त्रिकोण म्हटले नाही, कारण वाचलेली माणसे बोलली आणि काय घडले ते सगळ्यांना कळले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही बार्ज मुंबईजवळच्या हिरा तेलक्षेत्रात बुडाली. बार्जवर २६१ माणसे होती. ती आणि सोबतची टग (ओढबोट) मिळून ८०हून अधिक जीव गेले. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. बार्ज तिथेच थांबली, वादळात नांगर तुटले आणि ती भरकटली. एल फारोच्या अहवालाशेजारी हे ठेवून वाचा: इशारा कुणाच्या हाती पडला, थांबण्याचा निर्णय कुणाचा, तो फिरवण्याचा अधिकार कुणाला होता.

सापडत नाही म्हणजे गडप झाले, हा समजही आपल्याच अनुभवाने खोडला आहे. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. मोठा शोध घेऊनही काही मिळाले नाही. जानेवारी २०२४मध्ये राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुड्या यंत्राने घेतलेल्या छायाचित्रांत त्याचे अवशेष दिसले, चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल. साडेसात वर्षे ते तिथेच होते. प्वेर्तो रिकोच्या उत्तरेला समुद्राची खोली आठ हजार मीटरांवर जाते. १९४५ची साधने घेऊन तिथे शोधणाऱ्याला काय मिळणार होते?

कोकणातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी जहाजावर आहे. जहाजांवर, बार्जवर, मच्छीमार होड्यांवर. त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या संपादकांना आणि बालवाचकांसाठी विज्ञान लिहिणाऱ्यांना एवढी विनंती आहे: ‘बेपत्ता’ ही बातमी छापताना हवेचा इशारा किती वाजता आला, जहाजात काय आणि किती भरले होते, झाकणे आणि पंप कसे होते, रेडिओवर शेवटचे बोलणे काय झाले आणि शोध किती तासांनी सुरू झाला, हे पाच प्रश्न विचारा. चौकशी झाली की तिचा अहवाल मिळवा आणि त्यातली तांत्रिक पाने मराठीत आणा. फ्लाइट १९ची ती पाचशे पाने आजही वाचता येतात, आणि टेलर यांच्यापर्यंत न पोचलेल्या त्या जागेची नोंद त्यांतच आहे.